जुन्या घाटाची नवी रचना

टॉक्.

नळाचा एक थेंब सिंकमधल्या उपड्या पातेल्यावर पडला आणि माझी शांतता साडेतीन मात्रांवरच मोडली. ती पाच मात्रांची होती. आतल्या खोलीत ठिणगीने कूस बदलली, झोपेतच "आई" म्हणाली, मग जागेपणी "आई" म्हणाली, आणि त्या दिवसाचा रियाज संपला.

शांततेचा कधी कुणी रियाज करतं का, असं तुम्ही विचाराल. माझ्या नवऱ्यानेही विचारलं होतं. पण साडेतीन वर्षांची मुलगी दुपारी झोपलेली असताना गाण्याचा जो भाग घरात बिनधास्त घोकता येतो, तो एवढाच. बाकीचं गाणं मी बाथरूममध्ये बादलीत तोंड घालून म्हणत असे. बादलीत आवाज छान घुमतो. फक्त मध्येच कुणी दार उघडलं तर समजावून सांगायला फार वेळ लागतो.

आमच्या भागात समूहगायनाचा एक वर्ग चालतो. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी, शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत. बाकांवर रंग सांडलेले असतात, त्यामुळे आमच्यातल्या जुन्या सभासदांच्या कपड्यांवर मागच्या बाजूने त्यांची ज्येष्ठता वाचता येते. वर्ग चालवणाऱ्या बाईंना सगळे काडीबाई म्हणतात. हातात पांढरी काडी धरून त्या चाळीस माणसांना एका वेळी गायला लावतात, आणि दोन वाक्यांत त्यांच्यात भांडणंही लावू शकतात, म्हणून हे नाव दोन्ही बाजूंनी पक्कं बसलंय.

या वर्षी काडीबाईंनी जे बसवायला घेतलं, ते गेल्या शतकातल्या कुणा रचनाकाराचं होतं. चाळीस गळे आणि मागे वाद्यवृंद. शब्द मात्र हजारो वर्षांपूर्वीच्या प्रार्थनेचे, आणि तेही लॅटिनमध्ये.

"त्या काळात संगीतात भावनांचा नुसता पूर आला होता," काडीबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं. "या माणसाला त्याचा वैताग आला. तो दोनशे वर्षं मागे गेला, जुन्या लोकांचे साचे उचलले, जुने नियम उचलले आणि त्यात नवे टोकदार सूर बसवले. याला निओक्लासिकल म्हणतात."

"म्हणजे आजोबांच्या कोटात नातू," पुरुषांच्या ओळीतले, खर्जात गाणारे दंतवैद्य म्हणाले.

"नातू, पण ताठ उभा राहणारा. तेव्हा कृपा करून भाव आणू नका! शब्दांमध्ये आधीच एवढं दुःख आहे, त्यावर तुमचं कशाला ओतताय? वीट ठेवावी तसा सूर ठेवा आणि हात काढून घ्या."

आता हे माझ्यासारखीला सांगणं म्हणजे नळाला 'गळू नकोस' म्हणण्यासारखं. ठिणगी झाल्यापासून माझं रडणं माझ्या ताब्यात राहिलेलं नाही. दोरीवर वाळत घातलेला एकच छोटा मोजा बघून मी रडले आहे. दुसरा सापडला तेव्हाही रडले.

आणि तरीही तिसऱ्या भागातली एकटीने गायची जागा काडीबाईंनी मला दिली. अठ्ठावीस सेकंदांची. त्यात शब्द एकच, चार वेळा: 'एक्साउदी'. त्यानंतर सगळे गळे आणि सगळी वाद्यं पाच मात्रा गप्प. आमचे दंतवैद्य बरेच दिवस तो शब्द 'एक सौदा' असा म्हणत होते. त्याचा अर्थ आहे, 'ऐक.'

"मलाच का?" मी विचारलं.

"मला दमलेला आवाज हवाय," काडीबाई म्हणाल्या, आणि चाळीस माणसांनी माना वळवून माझ्याकडे अशी सहमती दाखवली की मला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

समोरच्या काकूंना मात्र अठ्ठावीस सेकंदांचा हिशेब पटला नाही. काकू म्हणजे आमच्या दारासमोर राहणाऱ्या, ठिणगीला सांभाळणाऱ्या आणि मलाही. "एवढ्यासाठी तू तीन महिने जातेयस? अगं, एवढा वेळ तर मी फोनवर 'हॅलो, कोण' म्हणण्यात घालवते."

"एकटीने गायचंय हो काकू. बाकी सगळे गप्प असणार."

"देवालाच सांगायचंय ना, ऐक म्हणून? मग आपल्या भाषेत सांग. त्याला ती भाषा येत नसली तर?"

"येत असेल हो. जुनी आहे."

"मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर. आणि रात्री गळ्याला मोजा बांध, लोकरीचा."

मी बांधला. नवऱ्याने अंधारात हात लावला आणि किंचाळला. ठिणगी उठली. त्या रात्रीबद्दल एवढंच.

हसण्यावारी नेत असले, तरी ते अठ्ठावीस सेकंद मला हवेच होते. पुढच्या महिन्यापासून माझी नोकरी पुन्हा सुरू होणार होती, दुपारी दोन ते रात्री दहा. म्हणजे मंगळवार गेला, शनिवार गेला, वर्ग गेला. दिवसभर माझ्या तोंडून जे निघतं, ते सगळं 'ऐक' याच अर्थाचं असतं: ऐक गं, ऐकतेस ना, एकदा तरी ऐक. आणि ते कुणीही ऐकत नाही. आयुष्यात एकदा, चाळीस माणसांनी तोंड मिटलेलं असताना, मला ते सुरात म्हणायचं होतं.

आता कागदपत्रांकडे वळते, कारण खरी कथा तिथे आहे.

सभागृह मिळवण्याचं काम माझ्याकडे आलं. वर्गात ज्या बाईला 'दिवसभर घरीच असतेस' असं म्हणतात, तिच्याकडे अशी कामं आपोआप घरंगळत येतात. एका हातात ठिणगी, दुसऱ्या हातात अर्ज, असं करून मी नगरपालिकेच्या पहिल्या मजल्यावर पोचले. तिथल्या कारकुनांना मी मनातल्या मनात रकानेसाहेब असं नाव दिलं. त्यांनी चष्मा पुसला.

"कार्यक्रम धार्मिक की करमणूक?"

"शब्द धार्मिक आहेत. पण पूजा वगैरे नाही. प्रार्थना आहे, पण सभागृहात ऐकायची."

"प्रार्थना आहे ना? मग धार्मिक. धर्मस्थळाचं पत्र आणा."

"धर्मस्थळाचा काही संबंध नाही हो यात."

"मग करमणूक."

"करमणूक होईलच असं काही सांगता येत नाही," मी प्रामाणिकपणे म्हटलं.

"आई, शू," ठिणगी म्हणाली.

"मग 'इतर' मध्ये लिहा," रकानेसाहेब घाईने म्हणाले. मुलीकडे बघत त्यांनी टेबलावरच्या फायली स्वतःकडे ओढून घेतल्या. "चार शब्दांत. आणि ते निओ-बिओ नको, साध्या भाषेत लिहा."

साध्या भाषेत, चार शब्दांत, निओक्लासिकल! मला सांगायला आवडेल की मी एक क्षणही थांबले नाही. लेखणी उचलली आणि लिहिलं, 'जुन्या घाटाची नवी रचना.' घाट म्हणजे बांधा, आकार, डौल. कवितेचा असतो, नाटकाचा असतो, दागिन्याचाही असतो. चारच शब्द, त्यात सगळा रचनाकार आला. शाळेत निबंधाला मिळालेल्या बक्षिसानंतर स्वतःवर इतकी खूश मी पहिल्यांदाच झाले होते.

रकानेसाहेबांनी ते वाचलं आणि प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिलं. "हे आधी नाही का सांगायचं, बाई? हे आमच्याकडे येतच नाही. बांधकाम, दुसरा मजला."

मला वाटलं, मंचाचं काहीतरी असेल. आधी शू, मग दुसरा मजला.

दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडम चटपटीत होत्या. "लांबी?"

"पंचवीस मिनिटं."

"मीटर सांगा, मीटर."

मीटर म्हणजे ताल, हे मला काडीबाईंमुळे ठाऊक होतं. "पहिल्या भागात चार, तिसऱ्यात सात," मी ऐटीत म्हटलं.

"पायऱ्या?"

"चाळीस माणसं उभी राहतील एवढ्या हव्यात."

त्यांनी सगळं लिहून घेतलं. इतक्या सुरळीत चाललेल्या सरकारी कामाची माणसाला भीती वाटली पाहिजे. मला वाटली नाही.

(इथे लिहिणं दोन दिवस थांबलं होतं. ठिणगीने पेनाचं टोपण कुठेतरी पेरलं आहे. उगवलं की सांगेन.)

बारा दिवसांनी पाकीट आलं. नवऱ्याने फोडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "सभागृहामागील नदीकाठच्या जुन्या घाटाची नवी रचना करण्याचे काम आपणांस मंजूर करण्यात येत आहे..."

पुढचं त्याला वाचता आलं नाही. हसता हसता तो ठिणगीच्या इवल्या खुर्चीवर बसला आणि उठला तो खुर्चीसकट. "तरी मी म्हणत होतो, कसला घाट घातलायस! हा घातलायस!"

कागद मी ओढून घेतला. सभागृहाचा त्यात उल्लेख होता, पण तो 'मागील' या शब्दापुरता. काम येत्या गुरुवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत करावे. कामावरील प्रत्येक व्यक्तीने हेल्मेट आणि नारिंगी जाकीट घालावे. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी फलक लावावा. देखरेखीसाठी खात्याचे इंजिनियर हजर राहतील. शेवटी सही, शिक्का, आणि मॅडमनी जोडून दिलेला माझाच अर्ज, 'चार मीटर, सात मीटर' असं लिहिलेला.

मी पुन्हा पहिल्या मजल्यावर गेले.

"चूक दुरुस्त करायची तर हा अर्ज रद्द, नवा अर्ज, नव्वद दिवस," रकानेसाहेब म्हणाले.

"पण मी लिहिलंय ते बरोबर आहे!"

"बरोबर आहे म्हणून तर मंजूर झालं."

नव्वद दिवसांनी मी दुपारी दोन ते दहा कुठेतरी भलतीकडे असणार होते. शिवाय वाद्यवृंदाचे दोन मोठे नगारे अग्निशमन दलाच्या बँडकडून उसने आणले होते, ते शुक्रवारी परत द्यायचे होते. मी जिन्यात बसून रडले. जिन्यातून जाणाऱ्या एका माणसाने मला न विचारता सांगितलं, "निवृत्तिवेतन तिसऱ्या मजल्यावर."

संध्याकाळी वर्गात मी उभी राहून सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले ते नंतर, एकदम. दंतवैद्यांना ठसका लागला, त्यांची पाठ थोपटावी लागली. मी मान खाली घालून बाकावरचा निळा रंग नखाने खरवडत राहिले.

काडीबाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग काडीने टेबलावर टकटक केलं.

"परवानगी कशाची आहे? घाटाची. दिवस कुठला? गुरुवार. माणसं किती? चाळीस. मग अडलंय कुठे?"

"बाई, हेल्मेट घालून गायचं?" पहिल्या ओळीतल्या शाळामास्तरीणबाईंचे केस नेहमी नीट बसवलेले असत, त्यांचा जीव खाली-वर झाला.

"भाव आणू नका म्हणून तीन महिने सांगतेय. हेल्मेटमध्ये तुम्हाला आणताच येणार नाही."

गुरुवारी सकाळी नदीवर जे दृश्य होतं, ते आजवर कुठल्याही रचनाकाराच्या स्वप्नात आलं नसेल. दगडी पायऱ्यांवर चाळीस नारिंगी जाकिटं. निम्मी हेल्मेटं बांधकामाची पिवळी, कुणाच्या तरी मेव्हण्याने दिलेली. बाकी सायकलची, मोटरसायकलची. दंतवैद्यांचं हेल्मेट काच असलेलं होतं. ती काच खर्जाच्या प्रत्येक सुराला आपोआप खाली पडायची आणि ते तिच्या आतून गात राहायचे. खालच्या रुंद फरशीवर वाद्यवृंद. त्याच्या पुढे, पाण्याच्या बाजूला, ऐकणारे. कामाच्या दिवशी सकाळी दहाला येणार कोण? निवृत्त लोक, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, रजा टाकून आलेला माझा नवरा, आणि सायकलचं हेल्मेट हनुवटीखाली घट्ट बांधून बसलेल्या काकू. त्यांच्या मांडीवर ठिणगी. मागे फलक: 'काम चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' वर्गातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं होतं की असा फलक आमच्या मागे पूर्वीच असायला हवा होता.

इंजिनियर ठीक दहाला आले. तरुण होते, हातात टेप आणि कागद अडकवलेली पाटी.

"मुकादम कोण?"

"मी," काडीबाई म्हणाल्या आणि काडी वर केली.

"मजूर किती?"

"चाळीस."

"कुशल किती, अकुशल किती?"

काडीबाईंनी पायऱ्यांवर शांतपणे नजर फिरवली. "बारा कुशल. बाकीचे पुरुष."

त्यांनी तसंच लिहिलं. "काम किती टप्प्यांत?"

"तीन. तिसऱ्यात आवाज जास्त होईल."

"यंत्रं?"

"दोन नगारे, चार तुताऱ्या, एक बासरी. बासरी थोडी बिघडलेली आहे."

इंजिनियरांनी पेन थांबवलं. पाटीकडे बघितलं, नगाऱ्यांकडे बघितलं, शाळामास्तरीणबाईंच्या लिपस्टिककडे बघितलं. यासाठी रकाना नव्हता. मग त्यांनी शेवटच्या पायरीवर रुमाल पसरला आणि देखरेखीला बसले.

वाद्यं सुरात लावून आणि हेल्मेटं बसवून होईपर्यंत साडेअकरा वाजले. पहिला टप्पा बरा गेला. दुसऱ्यात एक बदक आमच्या आधी सुरू झालं आणि आमच्यानंतर थांबलं, पण तेवढ्यात दोनदा सुरात आलं. काडीबाईंच्या चेहऱ्यावर रेष हलली नाही. जुने नियम, नवे सूर, विटेवर वीट. आणि गंमत म्हणजे ते उभं राहत होतं! चाळीस वेडे, डोक्यावर टोपल्या घातल्यासारखे, आणि त्यांच्यातून काहीतरी सरळ, थंड, स्वच्छ वर चढत होतं.

तिसरा टप्पा. नगारे थांबले. काडी माझ्याकडे वळली.

माझं हेल्मेट दोन मापं मोठं होतं. मान खाली केली की डोळ्यांवर यायचं. म्हणून मी मान वर केली, इतकी वर की मला ना काडी दिसत होती ना नवरा. नुसतं आभाळ. पहिलं 'एक्साउदी' मी वीट ठेवावी तसं ठेवलं. दुसरंही. तिसऱ्याला आवाज जरा खरखरला, रात्री दोनदा उठलेल्या बाईचा खरखरतो तसा, आणि मी तो तसाच राहू दिला. चौथं म्हणताना माझ्या लक्षात आलं की माझे डोळे कोरडे आहेत. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी काहीही ओतत नव्हते. मी नुसतं म्हणत होते, ऐक.

आणि मग शांतता. पाच मात्रा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सध्या आमच्या घरात एकच मोहीम चालू आहे: कुणी हाक मारली की ओ द्यायची. हाक मारून मारून माझा घसा बसतो आणि बाईसाहेब पलंगाखाली गप्प. त्यामुळे रोज सकाळी उजळणी असते. एक मात्रा गेली. दोन. तिसऱ्या मात्रेला खालून, पाण्याच्या बाजूने, खणखणीत आवाज आला:

"ओऽऽ!"

नारिंगी जाकिटांमधून एक थरथर गेली. दंतवैद्यांची काच पडली. काकूंनी ठिणगीच्या तोंडावर हात ठेवल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. झालं, मी मनात म्हटलं, अठ्ठावीस सेकंद पाण्यात. पण काडी हलली नाही. काडीबाईंनी हात तसाच हवेत धरून ठेवला. चार मात्रा, पाच, सहा, सात. कागदावर नसलेल्या मात्रा, जिने आयुष्यात कधी कुणाला एक मात्रा जास्त दिली नाही, तिने दिल्या. कुणी हसलं नाही. बदकसुद्धा. मग काडी खाली आली आणि चाळीस गळे एका वेळी असे उघडले की मला पायरी पायाखाली थरथरल्यासारखी वाटली.

टाळ्या वाजल्या तेव्हा बाराला पाच मिनिटं होती. इंजिनियर उठले, त्यांनी रुमाल झटकला, पायरीवर उगाच एकदा बूट आपटून पाहिला आणि शेरा लिहिला. मी वाकून वाचला: 'पाहणी केली. काम पूर्ण. बांधकामास धोका नाही.' खाली सही. मग हळूच मला म्हणाले, "ते मधलं, तुम्ही एकट्यांनी म्हटलेलं. ते काय होतं?"

"ऐक, असा अर्थ आहे."

"हं," ते म्हणाले. "ऐकलं मी." आणि कानामागे पेन अडकवून वर निघून गेले. मी हेल्मेट काढलं आणि तेव्हा कुठे, व्यवस्थित, मनसोक्त रडले. काकूंनी आपल्या हेल्मेटमधून रुमाल काढून दिला. "गुळण्यांनी गुण आला बघ," त्या म्हणाल्या. त्यांचेही डोळे लाल होते. नवऱ्याने काहीच विनोद केला नाही, म्हणजे त्याला फारच आवडलं होतं.

ठिणगी माझ्या जाकिटाला लोंबकळत होती. तिला घाबरायला झालं होतं की आपलं काहीतरी चुकलं. मी तिला उचललं.

"छान ओ दिलीस हं."

"पण तू माझ्याकडे बघितलंच नाहीस," ती म्हणाली.

"हेल्मेट होतं ना गं डोक्यावर."

तिने ते मान्य केलं नाही. माझा चेहरा दोन्ही हातांनी धरून तिने वर केला, मघासारखा, अगदी तेवढाच, आणि स्वतःही आपली मान मागे टाकून तिकडे बराच वेळ बघितलं. घाटाच्या वरच्या पायरीच्याही वर, जिथे नुसतं दुपारचं पांढरं आभाळ होतं.

"तू तिकडे हाक मारत होतीस," ती म्हणाली. "मी इकडून ओ दिली. आई, तिकडून कुणी दिली?"